दुसऱ्याच्या शब्दाला जामीन

कर्नाटकात गदगजवळ लक्कुंडी नावाचं गाव आहे. तिथे अत्तिमब्बे या जैन श्राविकेनं बांधवलेलं जिनालय आजही उभं आहे, आणि तिथला तिचा शिलालेख इसवी सन १००७ चा आहे. रन्न या महाकवीनं ९९३ मध्ये ‘अजितपुराण’ रचलं ते तिच्याच आश्रयानं. पण तिचं खरं मोठेपण दुसऱ्याच एका कामात आहे. पोन्न कवीचं कन्नडमधलं ‘शांतिपुराण’ लुप्त होऊ नये म्हणून तिनं त्याच्या १,००० प्रती करवून वाटल्या. ताडपत्रावरची प्रत म्हणजे काय, हे जरा डोळ्यांसमोर आणावं. पानं वाळवायची, घोटायची, एका मापात कापायची, लोखंडी लेखणीनं अक्षर न् अक्षर कोरायचं, कोरलेल्या रेषांत काजळी भरायची, भोक पाडून दोरी ओवायची. असं एका ग्रंथासाठी हजार वेळा. ग्रंथ तिचा स्वतःचा नव्हता, आणि भाषा संस्कृत नव्हे, त्या मुलखातल्या लोकांची होती.

हजार हा आकडा मराठी प्रकाशकांच्या चांगलाच परिचयाचा. कथासंग्रहाची किंवा कादंबरीची पहिली आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची काढायची, ही वर्षानुवर्षांची रीत होती. आता तीनशे-पाचशेवरच भागतं, आणि कवितासंग्रह असला तर त्याहूनही कमी. परभणी, चंद्रपूर, नंदुरबार किंवा सावंतवाडीत बसून आपल्या भागातल्या लिहित्या माणसांसाठी छोटी प्रकाशनसंस्था काढावी असं कुणाच्या मनात आलं, तर पहिला प्रश्न पैशाचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी जुना धर्मप्रश्न आहे: शब्द द्यायचा की विकायचा? आणि त्याचं मोल कुणी भरायचं?

दानाच्या बाजूचं पारडं आपल्याकडे फार जड आहे. जैन परंपरेत आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीनं शास्त्रदान सांगितलं आहे. वारकरी कीर्तनकारानं कीर्तनाचा पैसा घेऊ नये, हा दंडक आजही आदरानं सांगितला जातो. लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत, हे तर घरोघरी ऐकायला मिळतं. त्यामुळे पुस्तकाची किंमत सांगताना लेखक संकोचतो, ती वसूल करताना प्रकाशक ओशाळतो, आणि ओळखीचा वाचक प्रत भेट मिळेल म्हणून वाट बघतो. ही सगळी मंडळी मनानं चांगलीच असतात. तरी या संकोचाचा भार शेवटी ज्याच्या माथी येतो, तो लेखकच असतो.

कसा येतो ते हिशेब मांडला की दिसतं. समजा, १६० पानांचं डेमी आकाराचं पुस्तक आहे. सोळा पानांचा एक फॉर्मा, म्हणजे दहा फॉर्मे. ५०० प्रती काढायच्या. कागद, प्लेट, छपाई, बाइंडिंग मिळून प्रत ८० रुपयांना पडली, तर ४०,००० झाले. संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठ यांचे १५,००० धरा. एकूण ५५,०००. किंमत ठेवली २५० रुपये. त्यातले ४० टक्के, म्हणजे १०० रुपये, विक्रेत्याचे. १० टक्के मानधन म्हणजे २५ रुपये लेखकाचे. हातात उरतात १२५. टाकलेले पैसे नुसते परत यायला ४४० प्रती खपाव्या लागतात. टपालखर्च, गोदामाचं भाडं आणि विक्रेत्याकडे महिनोन् महिने अडकलेली बिलं यात धरलेलीच नाहीत. छापील पुस्तकावर जीएसटी नाही हे खरं, पण त्यामुळेच कागदावर आणि छपाईवर भरलेला कर वळता करून घेता येत नाही, तोही अंगावरच बसतो.

मग सोपी वाट दिसते. लेखकालाच सांगायचं, चाळीस-पन्नास हजार द्या, पुस्तक काढून देतो. लेखक शिक्षक असतो, ग्रामसेवक असतो, एसटीतून निवृत्त झालेला असतो. आयुष्यभराचं लिहिणं हातात घेऊन आलेला असतो. तो भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढतो आणि देतो. पुस्तक निघतं, प्रकाशन समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं. शंभर-दोनशे प्रती खोक्यात भरून लेखकाच्या घरी पोचत्या होतात आणि पलंगाखाली जातात.

या व्यवहारात बेकायदा काही नाही. दोन्ही बाजू राजी असतात. मग चुकतं काय? चुकतं ते असं, की प्रकाशकाला आता एकही प्रत खपण्याची गरज उरलेली नसते. त्याचा पैसा पुस्तक दुकानात जायच्या आधीच सुटलेला असतो. हस्तलिखित नीट वाचायची, प्रकरण पुन्हा लिहून आणा म्हणायची, एखादी कथा गाळू या असं सुचवायची निकड संपते. लेखकाला पुस्तक मिळतं, पण ज्याच्यासाठी तो खरं तर आला होता ते मिळत नाही. तुझं लिहिणं मी वाचलं, मला ते मोलाचं वाटलं आणि त्यासाठी मी माझं काही पणाला लावतो आहे, असं त्याला म्हणणारा माणूस त्याला भेटत नाही.

म्हणून दान की विक्री, हा प्रश्न वाटतो तितका मूळचा नाही. अत्तिमब्बेनं दान केलं, एखादा प्रकाशक विक्री करतो, पण दोघांत एक गोष्ट समान असते. लिहिणारा वेगळा आणि तोटा सोसायला तयार झालेला वेगळा. कर्जाच्या कागदावर जामीन सही करतो तसं हे आहे. घेणारा दुसरा असतो, पण बुडालं तर आपलं घर लागणार हे जामिनाला माहीत असतं. लेखकाच्या शब्दाला असा जामीन मिळाला, की वाटलेलं पुस्तकही तरतं आणि विकलेलंही. तो नसेल तर सुबक छपाई आणि गुळगुळीत मुखपृष्ठ त्याची जागा भरून काढू शकत नाहीत.

तुकोबांची कथा या अंगानं वाचावी अशी आहे. इंद्रायणीत वह्या बुडाल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्याआधीही त्यांनी त्याच नदीत कागद बुडवले होते, याकडे मात्र तितकं लक्ष जात नाही. परंपरा सांगते, की दुष्काळानंतर लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं त्यांनी धाकट्या भावाशी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची निम्मी पाण्यात सोडली. एका वाण्यानं स्वतःचं येणं बुडवलं, ते बुडालेलंच राहिलं. पुढे रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या, त्या तेरा दिवसांनी वर आल्या. भाविक याला पांडुरंगाची कृपा म्हणतो. अभ्यासक म्हणतो, की अभंग तोवर लोकांच्या कंठात जाऊन बसले होते. दोघांचं ऐकलं तरी एवढं दिसतं, की तो शब्द आता एकट्या तुकोबांचा राहिलेला नव्हता. चाकणचे संताजी जगनाडे, जातीनं तेली, अभंग उतरवून घेत होते आणि त्यांच्या हातच्या वह्या पिढ्यान् पिढ्या जपल्या गेल्या. १८६९ आणि १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून सरकारी मदतीनं दोन खंडांत गाथा छापली गेली, ती अशाच निरनिराळ्या वह्या ताडून. छापखाना आला तो सर्वांत शेवटी. त्याआधी दोनशे वर्षं जामीन राहिलेली माणसं होती.

महानुभावांकडे हेच आणखी स्पष्ट दिसतं. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा केल्या, त्या घरी बसून नव्हेत. ज्यानं पाहिलं-ऐकलं त्याच्याकडे जाऊन, विचारून, ताडून त्यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. संपादक याहून वेगळं काय करतो? केशोबासांना संस्कृतात लिहायचं होतं तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं आणि कारण दिलं, की त्यानं माझ्या म्हाताऱ्या बायका नागवतील. वाचक कोण, हे आधी ठरवून मग भाषा ठरवणारा हा निर्णय तेराव्या शतकातला आहे. पुढे पंथानं हे वाङ्मय सांकेतिक लिपीत बंद केलं. ते टिकलं खरं, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी ती लिपी उकलेपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते पारखंच राहिलं. जपून ठेवणं आणि प्रकाशात आणणं ही दोन निराळी कर्तव्यं आहेत.

गोव्यातलं उदाहरण उलट बाजूचं. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. ओव्या जवळपास अकरा हजार. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. ग्रंथामागे चर्च होतं, सत्ता होती, यंत्र होतं. मग धोरण फिरलं आणि १६८४ मध्ये लोकभाषेविरुद्ध फर्मान निघालं. आज त्या तीन आवृत्त्यांपैकी एकीचीही छापील प्रत हाती नाही. वाचल्या त्या भाविकांनी हातानं उतरवून घेतलेल्या नकला. त्यांच्या आधारावर १९०७ मध्ये मंगळुरात जोसेफ साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. सत्तेनं काढता पाय घेतला तरी नकला करणाऱ्या घरांनी ग्रंथ सोडला नव्हता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. जामीन राहणारा माणूस कुणासाठी राहायचं हे निवडतो, आणि निवडणारे हात आपल्या समाजात फार काळ मोजक्या जातींचे, मोजक्या शहरांतले होते. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. कमिटीनं ते नाकारलं. ते छापून आलं १९७९ मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. मधे सव्वाशे वर्षं गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. त्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा फुल्यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही आणि पहिलंही विस्मृतीत गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशित केलं, तेव्हा कुठे नव्या वाचकांना कळलं, की एकोणिसाव्या शतकात मराठीत एका बाईनं एवढ्या रोखठोकपणे लिहून ठेवलं आहे. ज्याला कुणीच जामीन राहत नाही त्यानं स्वतःच्या खिशातून छापलं, तर त्याला हौशी म्हणून हिणवण्याचा अधिकार कुणालाही नाही. तो दोष दार लावून बसलेल्यांचा आहे.

पण या आक्षेपाचा निष्कर्ष, निवड करणंच सोडून द्या आणि पैसे भरेल त्याचं छापा, असा होत नाही. निष्कर्ष निघतो तो असा, की निवडणारे हात वाढले पाहिजेत आणि ते जागोजागी असले पाहिजेत. सत्तरच्या दशकापासून हे घडत गेलं. ‘ग्रंथाली’नं वाचकालाच सभासद करून त्याचा पैसा आधी उभा केला आणि दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ (१९८०) ही आत्मकथनं त्या बळावर वाचकांपर्यंत गेली. पुण्यात विलास आणि उषा वाघ यांनी ‘सुगावा’ चालवलं. औरंगाबादेतून गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ निघत होतं. श्रीरामपूरसारख्या ठिकाणी सुमती लांडे यांनी ‘शब्दालय’ उभं केलं. यातल्या कुणाकडे मोठं भांडवल नव्हतं. आपल्या माणसांचं लिहिणं आपण नाही वाचलं तर कोण वाचणार, ही निकड मात्र होती.

जामीनकीला धीरही लागतो. अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशन’नं १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढलं. कोलटकरांचे पुढचे मराठी संग्रह आले ते २००३ पासून. ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’ यांच्यामागेही ‘प्रास’च होतं. मधल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत कवीला घाई न करणारा आणि त्याला सोडूनही न देणारा प्रकाशक मिळणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. कोलटकर २००४ च्या सप्टेंबरात गेले. त्याआधी पुस्तकं हातात आली होती.

निष्काम कर्माचा दाखला या धंद्यात वरचेवर दिला जातो. आम्ही खपाकडे बघत नाही, साहित्यसेवा करतो, असं अभिमानानं म्हटलं जातं. म्हणणाऱ्याची भावना खरी असली तरी गीतेचा हा अर्थ नव्हे. विनोबांनी ‘गीता प्रवचनां’त कर्माला विकर्माची, म्हणजे त्यात मन ओतण्याची जोड मागितली आहे. फळाची आसक्ती सोडायची ती काम चोख करून. पुस्तक छापायचं आणि ते जळगावच्या दुकानात पोचलं की नाही याची चौकशीही करायची नाही, याला निष्कामता म्हणणं म्हणजे आळसाला गीतेची शाल पांघरणं. आणि ही प्रवचनं आपल्या हाती कशी आली तेही लक्षात ठेवण्याजोगं आहे. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक अध्याय. विनोबा बोलत होते आणि साने गुरुजी लिहून घेत होते. स्वतः मोठा लेखक असलेला माणूस दुसऱ्याच्या शब्दासाठी अठरा रविवार लेखनिक होऊन बसला.

लेखकाकडून पैसा घेणं हे सरसकट पापच, असंही म्हणता येत नाही. कोलकात्यात पी. लाल यांनी १९५८ मध्ये ‘रायटर्स वर्कशॉप’ सुरू केलं, तेव्हा कवीनं शंभर प्रती विकत घ्याव्यात अशी त्यांची उघड अट असे. पण हस्तलिखित ते स्वतः वाचत, शीर्षकं स्वतःच्या हातानं सुलेखनात काढत, पुस्तकं हातमागाच्या साडीच्या कापडात बांधून घेत. विक्रम सेठ यांचा पहिला संग्रह तिथूनच आला. निवड लाल यांची होती आणि तिची लाज-अब्रूही त्यांचीच होती. नवलेखकांना साहित्य संस्कृती मंडळाचं अनुदान मिळतं, तिथेही हीच कसोटी लावावी. अनुदानामुळे प्रकाशक अधिक काळजीपूर्वक काम करू लागला की बिनधास्त झाला, एवढंच पाहावं.

छोट्या गावातल्या प्रकाशकाला आणखी एका गोष्टीसाठी जामीन राहावं लागतं, ती म्हणजे लेखकाची बोली. प्रूफ वाचणारा माणूस पुण्या-मुंबईच्या वळणाचा असेल तर लाल शाईचं पेन आपोआप चालतं. ‘व्हता’चं ‘होता’ होतं, वऱ्हाडातला ‘जाऊन राहिला’ हा ‘जात आहे’ होतो, लातूरकडचं ‘करलालास’ तर चूकच समजून खोडलं जातं. संवादातलं वाचलं तरी निवेदनातलं हमखास जातं. दहा फॉर्म्यांचं पुस्तक पहिल्या प्रुफातून बाहेर येईतो लेखकाचा आवाज परका झालेला असतो, आणि लेखक बिचारा साहेबांनी शुद्ध करून दिलं म्हणून आभार मानतो. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणी घरच्यांनी कागदावर उतरवली, १९५१ मध्ये त्या गेल्यावर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. त्या कागदांवरची खानदेशी वळणं कुणी प्रमाण मराठीत सुधारली असती तर काय हाती राहिलं असतं, याचा विचार नव्या प्रकाशकानं पहिलं प्रूफ हातात घेताना करावा.

राहतो कायद्यानं सांगितलेला एक लहानसा भाग. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती प्रकाशकानं ३० दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चानं चार ग्रंथालयांना पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. न पाठवल्यास दंड ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. दंड इतका किरकोळ, की पुष्कळ जण पाठवत नाहीत. आयएसबीएन विनामूल्य मिळतो म्हणून तो मात्र सगळे घेतात. वरच्या हिशेबात ५०० पैकी ४४० प्रती खपल्यावर ६० उरत होत्या. त्यांतल्या काही लेखकाच्या, काही परीक्षणासाठी. या चार प्रती त्यांच्यातूनच, बाइंडरकडून गठ्ठा आला त्याच आठवड्यात, प्रकाशन समारंभाची वाट न बघता टपालात पडाव्यात.